पालकाचे नाव

मराठीत 'विद्यार्थ्याच्या पालकाचे नाव' म्हणताना चा-ची-चे लावले की काम झाले. उर्दूत का-की-के. जावा भाषेत त्याच जागी टिंब येते: विद्यार्थी.पालक.नाव. भाषा शिकवणाऱ्याला हे टिंब ओळखीचे वाटते. पण षष्ठीत एक गोष्ट गृहीत असते, की पालक आहेच.

माहिती मात्र टेबलांत असते आणि टेबलाला टिंब कळत नाही. विद्यार्थ्यांचे टेबल वेगळे, पालकांचे वेगळे. पहिल्यात फक्त पालक-क्रमांकाचा एक रकाना. हायबरनेटसारखी साधने त्या क्रमांकाच्या जागी आख्खा पालक ऑब्जेक्ट म्हणून हातात देतात. रकाना रिकामा असला तर हातात येतो नल. त्याला नाव विचारले की जावा तिथेच अडते, आरडाओरडा करते. हे बरेच म्हणायचे.

खरा घोळ यादी मागताना होतो. विद्यार्थी.पालक.नाव या क्रमाने यादी लाव म्हटले, की हायबरनेट त्या टिंबाचा इनर जॉइन करते. दोन्ही टेबलांत जोडी जुळली तरच ओळ येणार. ज्याचा रकाना रिकामा, ते मूल यादीतूनच गळते. ना एरर, ना सूचना.

आमच्या शाळेत शिष्यवृत्तीच्या यादीचे असेच झाले. पटावर 212, यादीत 209. गळालेली तिन्ही मुले यतीम. म्हणजे ज्यांना पैशांची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच. पैगंबरसाहेब स्वतः यतीम होते, हे दर मिलादला आम्ही याच मुलांना सांगतो!

प्रोग्राम लिहिणारा आमचाच माजी विद्यार्थी. त्याने लेफ्ट जॉइन लिहिला आणि तिघे परत आले. जँगोमध्ये रकाना रिकामा ठेवायची मुभा दिलेली असली, तर क्रम लावताना ते आपणहून लेफ्ट जॉइन घेते. तेव्हा 'कॉम्प्युटर असाच असतो' हे मला पटत नाही. कुणीतरी तसे ठरवलेले असते.

स्टाफरूममध्ये दुसराच उपाय निघाला: पालकाचा रकाना सक्तीचा करा. मी विरोध केला. आमचे क्लार्क भले माणूस, पण फॉर्म पुढे सरकेना की ते पालकाच्या नावात एक आडवी रेघ टाकतील. मग तीन घरांतली तीन मुले त्या एकाच रेघेची होतील, आणि बेरीज 212 भरल्यामुळे कुणी पुन्हा विचारणारही नाही.