शेवगावच्या गोठ्यातला वारा

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही शेवगावला गेलो. अहिल्यानगर सोडले, करंजीचा घाट उतरला आणि तिसगाव, अमरापूर मागे पडेपर्यंत एसटीच्या खिडकीची सळई हाताला चटके देऊ लागली. या तालुक्याच्या एका अंगाला जायकवाडीचे पाणी आहे, तिकडे ऊस दिसतो. बाकी कपाशी, तूर, बाजरी आणि पावसाची वाट. अशा मुलखात अनेक घरांचा किराणा आणि मुलांची फी दुधाच्या पगारावर चालते.

ज्यांच्याकडे उतरलो, त्यांच्या मळ्यात अठरा संकरित गाई आहेत. उंच पत्र्याचा गोठा आणि मधोमध आढ्याला एक अवाढव्य पंखा. इतका संथ फिरणारा, की पाती मोजून घ्यावीत. तरीही गव्हाणीच्या टोकाला कडब्याची पाने हलत होती.

मोठ्या पात्यांचा हा पंखा मुळात गाईंसाठीच तयार झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅलिफोर्नियात दुभत्या गाईंना उन्हाळा सोसावा म्हणून तो बनवला गेला. कारखाने, विमानतळ आणि मशिदींत तो नंतर आला.

"पंख्यानं दूध वाढलं असं नाही," घरचे चाचा म्हणाले, "उन्हाळ्यात तुटायचं, ते थांबलं."

चाचींनी पुढचे सांगितले, "आधी दुपारी तोंड उघडून धापा टाकायच्या. वैरणीला तोंड लावायच्या नाहीत. आता बसून रवंथ करतात."

कारण साधे आहे. होलस्टीन ही थंड मुलखातली जात. साधारण २५ अंशांपर्यंत ती सुखात असते. पोटात चारा आंबताना उष्णता तयार होते आणि माणसासारखा भरपूर घाम तिला येत नाही. मग ती चारा कमी करते, दूध घटते, फॅट उतरते, माजही नीट दिसत नाही.

पण पंखा हवा थंड करत नाही, अंगावरची ओल फक्त लवकर उडवतो. गाईचे अंग साधारण साडेअडतीस अंशांचे. बाहेर चाळीसच्या वर पारा गेला, की कोरडा वारा म्हणजे भट्टीची झुळूक. म्हणून चाचा दुपारी गाईंच्या पाठी भिजवतात, मग पंखा लावतात. हजला गेलेल्यांनी हेच मदीना शरीफमध्ये पाहिले असेल. मस्जिद-ए-नबवीच्या पटांगणात मोठ्या छत्र्यांची सावली आणि पाण्याचे तुषार उडवणारे पंखे आहेत. पावसाळी दमट हवेत मात्र फवारे बंद ठेवून नुसता वारा खेळता ठेवावा लागतो.

शेजारच्या वस्तीवर एका बाईंच्या दोन गाई लिंबाखाली बांधलेल्या होत्या. असा पंखा घेणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. पण पाण्याची टाकी सावलीत होती, छपरावर पाचट टाकलेले होते, वैरण पहाटे आणि रात्री, उन्हाच्या वेळी नाही. त्यांच्या गाईही शांत रवंथ करत होत्या. आधी सावली, मग पिण्याचे पाणी, मग वारा, हा क्रम त्यांनी न शिकता पाळला होता. उलट बंदिस्त, बुटक्या पत्र्याखाली टांगलेला पंखा तापलेली हवाच फिरवत राहतो.

हदीसमध्ये एका उंटाची हकीकत येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांना पाहून तो विव्हळला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. पैगंबरांनी त्याला कुरवाळले आणि मालकाला बोलावून मुक्या जनावराबाबत अल्लाहचे भय बाळगायला सांगितले. तो उंट उपाशी राबवला जात होता.

गाय तक्रार घेऊन कोणाकडे जाणार? तिची तक्रार धापेत असते, न खाल्लेल्या वैरणीत असते. दूध घटले की ती आपल्याला ऐकू येते, पण तोवर तिने कित्येक दुपारी सोसलेल्या असतात. अल्लाहने जे जनावर अमानत म्हणून आपल्या दावणीला दिले, त्याला सावली आणि वारा देणे हा उपकार नव्हे, त्याचा हक्क आहे. ज्याची ऐपत आहे त्याने पंखा लावावा. ज्याची नाही, त्याने निदान आजच पाण्याची टाकी उन्हातून सावलीत आणावी.