हात कुणाचे

काँग्रेस गवताला काटा नसतो. उंटकटारा, पिवळा धोत्रा ही आमची ओळखीची तणं. अंगावर काटे घेऊन उभी असतात. लांबूनच कळतं, इथं हात घालायचा नाही. हे गवत तसं नाही. गाजरासारखी पानं, बारीक पांढरी फुलं. बघणाऱ्याला वाटावं, काय बिचारं! पण अवसरी बुद्रुकला या आणि आमच्या वस्तीतल्या बायकांचे हात बघा. मनगटापासून कोपरापर्यंत काळी, जाड, चिरलेली कातडी. पापण्या सुजलेल्या. माझ्या आईचे हात तसेच.

आईचा जन्म खुरपणीत गेला. डिंभ्याचं पाणी आंबेगाव तालुक्यात फिरलं. बागायत वाढली तसं तणही वाढलं. ह्या गवताला फक्त ओल पाहिजे. ओल मिळाली की बारा महिने उगवतं. महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. एकेक झाड हजारो बिया टाकतं. बी इतकं हलकं की वाऱ्यावर जातं, पाटाच्या पाण्यात वाहतं, शेणखतातून पसरतं, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून ह्या शिवारातून त्या शिवारात जातं.

"आरं, रातच्याला नुसती आग हुती. गोधडी लागली तरी सोसंना," आई म्हणायची.

एका बागायतदाराकडे तिनं एकदा हातमोजे मागितले. तो हसला. म्हणाला, "मोजे घालून खुरपणार? मग मडमिणीलाच बोलावतो की." त्या दिवसाची मजुरी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून बोलावणं बंद.

मित्रांनो, ही खाज मळाची नाही, घाणीची नाही, रक्त बिघडल्याची तर नाहीच. ह्या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. रोज रोज हात लागला की काहींच्या अंगाला त्याचं वावडं जडतं. एकदा जडलं की मग वाळक्या गवताचा भुगा वाऱ्यावर आला तरी मान, तोंड, डोळे पेटतात. कुणाला दमाही लागतो. म्हणजे जी बाई सगळ्यात जास्त दिवस खुरपते तिलाच धोका सगळ्यात जास्त.

हे गवत मूळचं मेक्सिको आणि त्या बाजूचं. पुण्यात ते १९५५ साली दिसलं आणि आर. एस. राव ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५६ साली त्याची नोंद छापली. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं सगळे सांगतात. आपल्याकडं पीएल ४८० चा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे गवत त्याच्या आधीच पुण्यात होतं. अमेरिकेचा गहू मात्र १९५१ पासून येत होता. कसंही आलं असो, पुण्याहून साठेक किलोमीटरवरच्या आमच्या गावाला यायला त्याला कुणाची परवानगी लागली नाही.

बागायतदाराच्या रानात निदान मजूर लावून ते काढतात. गायरानात कोण काढणार? ज्याच्या मालकीचा बांध नाही, त्याच्या शेळीला गायरान हाच बांध. तिथं आता पावसाळ्यात कमरेएवढं काँग्रेस. त्याच्या खाली पवना उगवत नाही, कुसळी उगवत नाही. शेळी तोंड लावत नाही. भुकेनं जनावरानं खाल्लंच तर दूध कडू होतं. नुकसान कुणाचं? ज्याची एकच शेळी आहे त्याचं.

आणि गायरान म्हटलं की अतिक्रमण हा शब्द येतोच. दादासाहेब गायकवाडांच्या पुढारीपणाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, एवढीच मागणी. २८ नोव्हेंबर १९९१ ला सरकारने निर्णय काढून भूमिहीनांची १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायचं मान्य केलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावकीच्या जमिनी मोकळ्या करा म्हटलं, तेव्हाही भूमिहीन मजुरांना आणि दलित-आदिवासींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. तरी नोटीस आली की पहिली आपल्याच माणसाला येते. काँग्रेस गवताला आजवर कुणी नोटीस दिलेली नाही. उलट भूमिहीनाने कसलेल्या तुकड्यात ते टिकत नाही, कारण तिथं रोज माणसाचा हात फिरतो.

गवताचं आणि आपलं नातं जुनं आहे. सरकारी अंमलदार गावात आला की त्याच्या घोड्याला गवत आणि चुलीला लाकूड आणणं ही महारकी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. तेव्हा गवत आणायला आपण होतो. आता उपटायलाही आपणच. म्हणून हे काम फुकट करायचं नाही. गावकीसाठी तर नाहीच नाही.

करायचंच तर नीट करावं. फुलावर यायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावं. वरून कापलं तर बुडख्यातून परत फुटतं. फुलं आल्यावर उपटलं तर आपल्याच हातानं बी पेरलं जातं. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं पाहिजेच. आणि ज्या बाईला वावडं जडलंय तिला ह्या कामावर पाठवायचंच नाही, मोजे असले तरी. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली मेक्सिकोतून एक भुंगा आणला, नाव झायगोग्रामा. पावसाळ्यात तो ह्या गवताची पानं खाऊन झाड बोडकं करतो. थंडीत जमिनीत शिरतो. त्याच्या एकट्याच्यानं सगळं होत नाही, पण तो मजुरी मागत नाही आणि त्याचे हात चिरत नाहीत.

दुसरा उपाय आपल्या चुलीवरचा आहे. टाकळा. पहिल्या पावसात कोवळा पाला खुडून आयाबायांनी भाजी केली, ती खाऊन आपण वाढलो. काहींना आता ती सांगायलाही लाज वाटते. तोच टाकळा दाट पेरला तर काँग्रेसला डोकं वर काढू देत नाही, असं शेतीशास्त्र सांगतं. शेळ्या परत यायच्या तर त्याच्या मागून चाऱ्याचं गवतही पेरावं लागेल.

तेव्हा तरुणांनी दोन कामं करावीत. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की टाकळ्याचं बी गोळा करून ठेवावं. आणि ग्रामसभेत उभं राहून मागावं : गायरान साफ करण्याचं काम रीतसर हजेरीवर निघालं पाहिजे, पुरी मजुरी पाहिजे, मोजे पाहिजेत, कातडीच्या औषधाचा खर्च पाहिजे. रोजगार हमीचा कायदा ह्याच महाराष्ट्राने १९७७ साली केला. काम मागणं ही भीक नाही.

सभेला जाताना बायकांना पुढं बसवा. बोलायला जमलं नाही तर त्यांनी नुसते हात दाखवावेत.