पोटाला कुंकू

मालिकेच्या अखेरच्या कादंबरीवर आधीच्या खंडांचे ऋण असते. आधीच्या पुस्तकांनी वाचकाला जी आशा लावली आणि जी भीती घातली, त्या दोहोंचा हिशेब तिला चुकता करावा लागतो. स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेची चौथी व शेवटची कादंबरी 'ब्रेकिंग डॉन' २ ऑगस्ट २००८ रोजी प्रसिद्ध झाली आणि एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी तिच्या सुमारे १३ लाख प्रती खपल्या. समीक्षकांनी मात्र तिच्यावर एक आक्षेप वारंवार घेतला : या कादंबरीत कोणालाच कसलीही किंमत मोजावी लागत नाही. हा आक्षेप मला अपुरा वाटतो. किंमत मोजली जाते. फक्त जिने मागितले तिने ती मोजलेली नाही.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेला ही वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या लहानशा गावात वडिलांकडे राहायला आलेली मुलगी. तिचे प्रेम एडवर्डवर, जो १९१८ पासून सतराच वर्षांचा आहे, कारण तो रक्तपिपासू अमर योनीतला आहे. तिच्यावर प्रेम करणारा दुसरा मुलगा जेकब; त्याला लांडग्याचे रूप घेता येते. पहिल्या तीन कादंबऱ्या वाचकाला एकच गोष्ट बजावत राहतात : अमरत्व हवे असेल तर आईवडील, मातृत्व, जेकबची मैत्री आणि कदाचित स्वतःचे माणूसपणही सोडावे लागेल. चौथ्या कादंबरीत बेलाला अमरत्व मिळते, वडील दुरावत नाहीत, मुलगी होते, जेकब घरचाच होऊन राहतो. शत्रू दाराशी येतात आणि बोलणी होऊन परत जातात. नायिकेच्या पक्षातले सारे जिवंत राहतात.

हा शेवट लेखिकेने सहज म्हणून लिहिलेला नाही. या कादंबरीमागे शेक्सपिअरचे 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' आहे, असे मायर यांनी स्वतः सांगितले आहे, आणि कथेत एक महत्त्वाचा निरोप त्याच नाटकाच्या फाडलेल्या पानावर लिहिलेला आहे. म्हणजे लढाई तलवारीची नव्हे, युक्तिवादाची. तरीही २०१२ साली आलेल्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागात दिग्दर्शकाला एक रक्तरंजित युद्ध दाखवावे लागले आणि शेवटी ते केवळ भविष्यदर्शन होते असे सांगून पुसून टाकावे लागले. किंमत न देता मिळालेल्या सुखावर पडद्याचाही विश्वास बसला नव्हता.

मी ही कादंबरी जांब समर्थला वाचली. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान. इथल्या ठोसरांच्या घरी १६०८ साली जन्मलेला नारायण वयाच्या बाराव्या वर्षी मंगलाष्टकांतील 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून निघून गेला, टाकळीला बारा वर्षे तप केले, पुढे बारा वर्षे तीर्थाटन केले आणि मगच आईला भेटायला आला, अशी परंपरा आहे. आमच्या भागातले मूल ही कथा ऐकतच मोठे होते. लग्नाच्या उंबरठ्यावरून पाऊल मागे घेता येते, हे ती कथा सांगते. पण पाऊल मागे घेणारा तो मुलगा आहे. अंतरपाटाच्या पलीकडे जी मुलगी उभी होती तिला 'सावधान' ऐकून काय वाटले, हे कोणत्याही कीर्तनात मी ऐकलेले नाही.

कादंबरीची प्रत माझ्याकडे आली ती एका विद्यार्थिनीकडून. तिने ती औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून घेतली होती आणि समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पहिली खूण बेलाच्या लग्नाच्या प्रकरणात होती. शाळा संपताच, अठराव्या वर्षी लग्न करायची बेलाला लाज वाटते. गाव कुजबुजेल, आई काय म्हणेल, ही तिची धास्ती. कारण तिच्या आईचे स्वतःचे लवकरचे लग्न मोडलेले आहे. त्या मजकुराशेजारी विद्यार्थिनीने मोठे प्रश्नचिन्ह काढले होते. त्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही. ज्या मराठवाड्यात अठरा पूर्ण होण्याआधीच अनेक मुलींची हळद लागते, तिथे अठराव्या वर्षीचे लग्न हा उतावीळपणा वाटावा, हीच त्या कादंबरीतली सर्वांत अद्भुत गोष्ट होती.

इथे आपल्याच वाङ्मयेतिहासातील एका प्रस्तावनेची आठवण होते. नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी १८६८ साली लिहिली तेव्हा अद्भुताकडे वळण्याचे कारण प्रस्तावनेत सांगितले. आपल्या लोकांतील विवाहाची रीत आणि इतर काही कारणे यांमुळे नित्याच्या आयुष्यात चित्तवेधक असे काही घडतच नाही. तेव्हा रंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताचाच आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. साहित्याचे विद्यार्थी या मजकुराकडे बहुधा वास्तववादाच्या अभावाची कबुली म्हणून पाहतात. मला त्यात एक समाजशास्त्रीय निरीक्षण दिसते. जिथे इच्छा जागी होण्याआधीच लग्न ठरलेले असते, तिथे प्रणयकथेला वास्तवात जागा नसते. ती गंधर्वनगरीतच राहणार. पुढे १८९० पासून 'करमणूक'मधून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' येऊ लागली आणि मराठी कादंबरीने लग्नानंतरचे आयुष्य एका मुलीच्या तोंडून ऐकले. यमूच्या कहाणीत किंमत कोण मोजते, याविषयी शंका राहत नाही.

'ब्रेकिंग डॉन' या दोन्ही वाटा एकत्र आणू पाहते. लग्न ती आपट्यांप्रमाणे आरंभी ठेवते आणि नंतरचे आयुष्य रिसबुडांच्या प्रदेशात नेते. लग्न, शरीरसुख, मातृत्व, अमरत्व, यांतले प्रत्येक पाऊल बेला स्वतः उचलते. बाळंतपण जिवावर बेतणार हे दिसत असताना नवऱ्याच्या आणि डॉक्टर सासऱ्याच्या इच्छेविरुद्ध ती मूल वाढवते. या निर्णयावर स्त्रीवादी समीक्षेने पुष्कळ वाद घातला आहे. पण ज्या वाचक-मुलीला आजवर कोणी काहीच विचारलेले नाही, तिला ही नायिका सतत 'मला हवे आहे' असे म्हणताना ऐकू येते. ही ओढ खोटी म्हणून झटकून टाकणे मला शक्य नाही.

विद्यार्थिनीची दुसरी खूण मात्र फार पुढे, बेलाची मुलगी रेनेस्मे जन्माला येते तिथे होती. जेकब त्या नवजात अर्भकाकडे पाहतो आणि त्याच्या जमातीच्या नियमाप्रमाणे कायमचा तिच्याशी बांधला जातो. गरोदर बेलाला जेकब जवळ असावासा का वाटत होता, याचाही उलगडा मग असाच होतो : पोटातल्या जिवालाच तो हवा होता. अनेक पाश्चात्त्य वाचकांना हा प्रसंग विचित्र, किळसवाणा वाटला. आमच्या विद्यार्थिनीने समासात दोनच शब्द लिहिले होते : 'पोटाला कुंकू!'

दोन गरोदर बायकांच्या पोटाला कुंकू लावून न जन्मलेल्या मुलांची सोयरीक ठरवण्याची जुनी चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या टिपणाहून अधिक भाष्य नको. कादंबरी आपल्या बाजूने खुलासा करते : जेकब आधी भाऊ असेल, मग मित्र, पुढचे मुलीच्या मर्जीवर. पण ती मुलगी सुमारे सात वर्षांतच पूर्ण वाढणार आहे आणि तिचा वर अंगणातच वाट पाहत बसलेला आहे. तीन खंडांनी साचवलेला जेकबच्या दुःखाचा प्रश्न असा सुटतो. आईच्या निवडीने मागे राहिलेली थकबाकी मुलीच्या नावावर चढते.

या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. बेलाचे मन कोणालाही वाचता येत नाही, मनकवड्या एडवर्डलाही नाही. कादंबरीच्या शेवटच्या प्रसंगात ती प्रयत्नपूर्वक स्वतःभोवतीचे कवच दूर सारते आणि आपले मन त्याला प्रथमच आपखुशीने उघडे करून दाखवते. मालिकेतला हा सर्वांत सुंदर क्षण आहे, कारण बंद दार असल्याशिवाय ते उघडण्याला अर्थ नसतो. रेनेस्मेची शक्ती नेमकी उलट आहे. ती स्पर्शाने आपल्या मनातले चित्र समोरच्याच्या मनात उमटवू शकते. शब्दांवाचून सांगू शकणाऱ्या या मुलीला तिच्या सोयरिकीविषयी एकदाही विचारले जात नाही.

म्हणून अखेरच्या कादंबऱ्या शिकवताना शेवट गोड की कडू एवढ्यावर थांबू नये. गोड शेवटाचे देणे कोणाच्या नावावर मांडले गेले, हे विचारावे. मायर यांनी एका मुलीला जे जे हवे ते सारे दिले, आणि ते लाखो मुलींनी हक्काने वाचले, यात मला आनंद आहे. पण त्या घरात वाढणारी दुसरी मुलगी सात वर्षांची होईल तेव्हा तिची कथा लिहायला अद्भुत उपयोगी पडणार नाही. तिथे यमूसारखे कोणीतरी स्वतःच बोलू लागावे लागेल.