प्रमाणपत्र आणि वर्ग

इंग्रजी शिकविण्याचें प्रमाणपत्र घेऊन परदेशीं नोकरीस जावें, अशी इच्छा येथून बाहेर पडलेल्या कांहीं विद्यार्थ्यांच्या मनांत असते. त्यांचे पालक आम्हांस बहुधा एकच प्रश्न विचारतात : "घरबसल्या मिळणारें प्रमाणपत्र पुरेसें आहे, कीं वर्गावर शिकविण्याचा सराव त्यांत असावाच लागतो ?" याचें उत्तर आम्हीं पुस्तकांतून मिळविलेलें नाहीं. त्याची किंमत आमच्या वडिलांनीं व आम्हीं मोजली आहे; म्हणून तें येथें सांगण्याचें धाडस करितों.

पदवी हातीं येतांच आम्हीं संगणकावरून १२० तासांचा एक अभ्यासक्रम पुरा केला. फी वडिलांच्या भविष्य निर्वाह निधींतून आली. धडे वाचले, प्रश्नांचीं उत्तरें दिलीं, सुबक प्रमाणपत्र आलें, आणि आईनें तें साऱ्या आळीस दाखविलें. पुढें हनोई शहरांतील एका भाषाशाळेकडे अर्ज केला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनीं विचारिलें, "खऱ्या विद्यार्थ्यांपुढें, अनुभवी शिक्षक पाहत असतां, आपण किती तास शिकविलें ?" आम्हीं खरें तें सांगितलें : "एकही नाहीं." मुलाखत तेथेंच संपली. वडील कांहींच बोलले नाहींत, हें आम्हांस अधिक लागलें.

जी चौकशी फी भरण्यापूर्वीं करावयाची, ती आम्हीं नंतर केली. केंब्रिजचा सेल्टा आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्ट-टेसॉल या दोन्ही अभ्यासक्रमांत निदान ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांस शिकवावें लागतें, व तें शिकविणें तपासलें जातें. सेल्टाचें मूळ जॉन हेक्राफ्ट यांनीं १९६२ सालीं लंडनमध्यें चालविलेल्या दोन आठवड्यांच्या वर्गांत आहे. आतां तो सर्वस्वी संगणकावरूनही करतां येतो; मात्र पडद्यापलीकडे जिवंत विद्यार्थी असावेच लागतात. म्हणजे भेद घर आणि शाळा यांत नसून, कोणास शिकविलें कीं केवळ वाचलें, यांत आहे.

उलट पक्षीं, १९८७ सालीं सुरू झालेल्या जपानच्या जेट योजनेंत साहाय्यक शिक्षकास पदवी लागते, प्रमाणपत्राची सक्ती नाहीं. कित्येक खाजगी शाळा १२० तासांच्या कागदावरही नेमणूक करितात. कोठें कोठें तर अर्जदार कोणत्या देशाचा नागरिक, हेंच प्रथम पाहतात. तेथें उत्तम प्रमाणपत्रही थिटें पडतें. तेव्हां सरावावांचून नोकरी मिळतच नाहीं, असें म्हणणें खरें होणार नाहीं.

मग आम्हीं वर्षभर शिकवण्या करून पैसे सांठविले व सरावाचा अभ्यासक्रम धरिला. पहिल्या दिवशीं समोर अकरा प्रौढ विद्यार्थी होते. पूर्ण वर्तमानकाळ आम्हीं असा कांहीं समजाविला कीं, आमचें आम्हांसच कौतुक वाटलें. मागें बसलेल्या परीक्षकांनीं एवढेंच लिहिलें : "४० मिनिटांपैकीं ३४ मिनिटें आपणच बोललां. खिडकीजवळच्या बाई एकही शब्द बोलल्या नाहींत." त्या बाई दिवसभर शिवणयंत्रावर राबून सायंकाळीं शिकावयास येत. आम्हीं त्यांची सायंकाळ फुकट घालविली होती ! कोणत्याही प्रश्नपत्रिकेनें हें आम्हांस दाखविलें नसतें.

दुसऱ्या खेपेस आम्हीं खिसे चाचपले, टेबलाखालीं पाहिलें, रिकामें कुलूप वर धरिलें, आणि गप्प उभे राहिलों. ती शांतता सोसणें मोठें कठीण होतें. अखेर खिडकीजवळून हळूच आवाज आला : "आय हॅव लॉस्ट माय की." त्या दिवशीं आम्ही शिक्षक झालों, असें आम्ही मानतों. पुढें परदेशीं नोकरीही मिळाली. परंतु ती नसती मिळाली, तरी ते श्रम वायां गेले नसते.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, फी भरण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. ज्या देशीं जावयाचें, तेथील सरकार पदवी, नागरिकत्व व कागदपत्रें यांविषयीं काय मागतें ? जी शाळा नोकरी देणार, ती कोणतें प्रमाणपत्र मानते ? आणि अभ्यासक्रमांत खरे विद्यार्थी किती तास समोर येतात, कीं सहाध्यायीच विद्यार्थ्यांचें सोंग घेतात ?

विद्यार्थ्यांस काय सांगावें ? गांवाकडे मुलें कमरेस वाळका भोपळा बांधून विहिरींत उतरतात. काठावर जाणता मनुष्य उभा असतो. ते सहा तास म्हणजे तो भोपळा होय. त्यानें कोणी पट्टीचा पोहणारा होत नाहीं. परंतु पाण्याची ओळख होते, आणि पहिल्या गटांगळीस हात देणारें कोणी जवळ असतें. तें नसेल, तर ती गटांगळी परक्या मुलखांत, परक्यांच्या मुलांपुढें खावी लागते. आणि तींत नुकसान केवळ आपलेंच होत नाहीं.