जामखेडची वाट

मैत्रिणींनो, नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर बरं का!) गेलं की शिर्डी-शिंगणापूर होतंच. पुढच्या खेपेला वाट थोडी वाकडी करा आणि जामखेडची एस.टी. धरा. नगरहून कडा-आष्टीमार्गे सुमारे ७५ किलोमीटर. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात. १७९५ च्या लढाईचं खर्डाही इथलंच. ही दोन्ही ठिकाणं पाहाच. पण जामखेडची खरी ओळख आहे ती बायांच्या एका शाळेमुळे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य या दुष्काळी मुलखात आले. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात मुक्कामाला राजी होईनात. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडावी, असं ठरलं. निवडलेल्यांपैकी पुष्कळजणी निरक्षर, कित्येक दलित घरांतल्या. त्या जामखेडला येऊन शिकू लागल्या. बाळंतपणाआधी हात कसे धुवावेत, नाळ कापायला पातं आणि बांधायला दोरा स्वच्छ का हवा, पोराचं वजन कसं टिपावं, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कसं द्यावं. आणि एकदा शिकवलं नि सोडून दिलं, असं नव्हे. वर्ग पुनःपुन्हा भरत. अडलंच तर पाठीशी दवाखाना उभा असे. गावातले बालमृत्यू घटले, आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे २००५ पासून देशभर ‘आशा’ आल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. पण हातात पडतं ते मानधन, पगार नव्हे. त्यासाठी २०२३ साली आपल्याकडच्या आशाताईंना संप करावा लागला.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्या घराशी काय संबंध? आहे ना! सासूबाई अंथरुणाला खिळल्या की आपण बारा तासांची बाई ठेवतो. ‘बाईमाणूस आहे, सेवा काय शिकवायची?’ असं म्हणून मोकळ्या होतो. पण कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. उठवताना हात कुठे धरायचा, घास केवढा द्यायचा, हे सारं शिकावंच लागतं. ते उपजत नसतं. तिलाही नाही, तुम्हा-आम्हालाही नाही.

तेव्हा एवढं करा. पहिल्याच दिवशी ओळखीच्या नर्सकडून तिला नीट दाखवून घ्या, आणि शेजारी बसून तुम्हीही शिका. कामाचे तास, पगार आणि आठवड्याची सुटी आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा. तिच्या जेवणाची वेळ चुकवू नका. रात्री काही बिनसलं तर कुणाला फोन करायचा, तो नंबर भिंतीवर लावा. आणि नुसतं ‘ए बाई’ नको, तिला नावानं हाक मारा. शिकवणाऱ्या आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांमुळेच जामखेडच्या बाया गावाच्या आधार झाल्या. आपल्या घरातली बाईही होईल.