लोंगेवालाची ती रात्र

माझा मुलगा गेलं वर्षभर एनडीएच्या परीक्षेची तयारी करतोय. मी सोडून घरातल्या सगळ्यांना त्याचं कौतुक आहे. दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरला जायचं ठरलं, तेव्हा माझ्या यादीत किल्ला, हवेल्या आणि उंटावरची सफर होती. त्याच्या यादीत एकच नाव होतं, लोंगेवाला.

बडोद्याहून गाडीनेच निघालो. जैसलमेरहून रामगडमार्गे लोंगेवाला साधारण १२० किलोमीटर. पवनचक्क्या मागे पडल्या आणि मग दोन्ही बाजूंना फक्त वाळू आणि खुरटी झुडपं. बरोबर नेलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी गाडीतच संपली.

ठाणं पाहून मी जरा गोंधळलेच. तटबंदी नाही, बुरूज नाही. आपल्या डोळ्यांसमोर किल्ला म्हटला की सिंहगड येतो. इथे वाळूचा एक उंचवटा, त्यावर खंदक, आणि समोर पाकिस्तानचे पकडलेले रणगाडे. जीपवर बसवलेली रणगाडाविरोधी तोफही ठेवली आहे.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री इथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाबची एक कंपनी होती. सुमारे १२० जवान आणि सोबतीला सीमा सुरक्षा दलाची काही माणसं. गस्तीवर गेलेल्या लेफ्टनंट धरमवीर यांना चांदण्यात सीमेपलीकडून रणगाड्यांची घरघर ऐकू आली. येणारे होते दोन हजारांच्या वर, आणि चाळीसच्या आसपास रणगाडे. मदत मागितली, तर उत्तर आलं की विमानं उजाडल्याशिवाय येऊ शकत नाहीत. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री असा हल्ला करण्याची सोय नव्हती. थांबायचं की मागे यायचं, हे चांदपुरींवर सोपवलं गेलं.

"मग मागे का नाही गेले?" मी विचारलं.

"आई, चालत जाणार कुठे? उघडी वाळू आणि पाठीमागे रणगाडे. इथे निदान उंचवटा होता, खंदक होते," मुलगा म्हणाला.

मग त्याने हात दाखवून सगळं समजावलं. रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत आपल्या जवानांनी गोळीबार रोखून धरला. रणगाड्यांवर बांधलेली इंधनाची पिंपं पेटली आणि त्या उजेडात पुढचे रणगाडे दिसू लागले. काटेरी तारेचं कुंपण पाहून शत्रूला पुढे सुरुंग असल्याची शंका आली. तो थबकला, शोधाशोध करू लागला. त्यात मोलाचा वेळ गेला. वाळूत काही रणगाडे रुतले. आणि उजाडलं तशी हंटर आली. आडोसा नसलेल्या त्या वाळवंटात रणगाडे लपणार तरी कुठे?

'बॉर्डर' पाहिला तेव्हा मी शेवटपर्यंत रडले होते. माझ्या मनातली भीती बरीचशी तिथूनच आलेली. सिनेमात धरमवीर मरतो, सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंगही मरतात. प्रत्यक्षात दोघेही त्या रात्रीतून वाचले. भैरोसिंग २०२२ पर्यंत होते. चांदपुरींना महावीरचक्र मिळालं, ते ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाले आणि २०१८ मध्ये वारले. त्या रात्री कंपनीचे दोन जवान कामी आले. दोन घरांसाठी तो आकडा लहान नव्हताच. पण बाकीच्यांना सकाळ दिसली. पलीकडे मात्र दोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यांनाही घरं होतीच.

मला वाटायचं, शौर्य म्हणजे मरायला तयार असणं. त्या खंदकाशी उभी राहिल्यावर वाटलं, इथलं काम वेगळं होतं. उजाडेपर्यंत टिकायचं, आणि डोकं थंड ठेवून टिकायचं.

परतताना मुलाने गाडीत गणिताचं पुस्तक उघडलं. एरवी मी "डोळे दुखतील" म्हणून ओरडले असते. भीती गेलेली नाही, ती जाणारही नाही. पण त्या दिवशी मी नुसती काच वर केली, पानं उडू नयेत म्हणून.