निसर्ग, मी आणि वजनकाटा

निसर्गाचे फोटो काढायला कॅमेरा कसा घ्यावा, हे जाणकार मंडळी तुम्हांला काचेच्या भाषेत सांगतील. मी पडलो बी.कॉम. आणि बँकेच्या काउंटरवर बसणारा. मी आधी वजन बघतो.

पक्ष्यांसाठी ६०० मिलीमीटरची लेन्स हवी म्हणतात. कॅननची २०१८ सालची अशी एक थोर लेन्स आहे. वजन ३ किलो ५० ग्रॅम. वरचे ५० ग्रॅमही लपवले नाहीत, ह्याबद्दल मला आदरच वाटला. कॅमेरा वेगळा, ट्रायपॉड वेगळा. किंमत मी घरात मोठ्यानं वाचली नाही. वजन वाचलं. सौ. म्हणाली, "कोपऱ्यावरून दोन किलो कांदे आणताना तुम्ही तीनदा हात बदलता. कासच्या पठारावर हे धूड कोण वागवणार?"

कासचं तिनं बरोबर काढलं. तिथं सप्टेंबरात सीतेची आसवं फुलतात ती नखाएवढी. आणि ह्या लेन्सला ४.२ मीटरच्या आतलं स्पष्ट दिसत नाही. म्हणजे चौदा फूट! ह्याला आमच्यात चाळिशी लागली म्हणतात, आणि ती मला फुकट लागलीय. भिगवणला रोहित पक्षी लांब असतात हे खरं, पण तिथं आपण होडीत. होडीत ट्रायपॉडचे तीन पाय रोवण्यापेक्षा स्वतःचे दोन सांभाळावेत.

शेवटी माझी नजर सोनीच्या २०१७ सालच्या आरएक्स-टेन मार्क फोरवर ठरली. लेन्स अंगचीच, २४ ते ६०० मिलीमीटर. बॅटरी-कार्डासकट १०९५ ग्रॅम. इतक्या कमी वजनात ६०० बसतात कसे? व्हाउचर तपासावं तसं तपासलं. लेन्स खरी २२० पर्यंतचीच. सेन्सर लहान, म्हणून दृश्य ६०० इतकं जवळ येतं. मूळ पगार २२०, बाकी महागाई भत्ता! त्या सेन्सरला म्हणतात 'एक इंची', आणि भरतो १३.२ बाय ८.८ मिलीमीटर. आमच्या कॅशमध्ये एवढा फरक निघाला असता तर रात्री अकरापर्यंत कुणी घरी गेलं नसतं.

लहान सेन्सरचं दुखणंही आहे. दिवस कलला की चित्रात रवा सांडल्यासारखा दिसतो. पण पूर्ण ताणलेल्या लेन्समधूनही ७२ सेंटिमीटरवरचं फूल टिपता येतं. पायवाट सोडून फुलं तुडवायला नकोत. संध्याकाळी तसेही मला घरचे वेध लागतात.

सौ.ला नवा आकडा सांगितला. ती म्हणाली, "किलोभरच ना? मग येताना साताऱ्याहून दोन किलो कंदी पेढे आणा."